गाडीच्या इंजिनमधला कार्बन घरी साफ करणे: सोलापूरच्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी जरा जड वाटली, स्लो स्पीडला (म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना) थरथरली की कोणीतरी म्हणतंच, "कार्बन बसलाय, काढून टाका." कार्बन बसतो हे खरं. पण तो कुठे बसलाय हे न बघता बाटल्या ओतण्यात आणि फवारे मारण्यात पैसा जातो, कधी कधी इंजिनही जातं. घरी करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि घरी हात लावू नये असंही बरंच आहे. खालची उत्तरं त्या दोन्हींबद्दल आहेत. गाडी अजून वॉरंटीत असेल तर मात्र काहीही उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

कार्बन म्हणजे नक्की काय, आणि तो साठतो कुठे?

इंधन पूर्ण जळलं नाही की काजळी उरते. त्यात इंजिन ऑइलची वाफ मिसळते. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या ऑइलच्या भागातली, ही वाफ पीसीव्ही नावाच्या छोट्या झडपेतून परत इनटेककडे, म्हणजे हवा आत जायच्या वाटेकडे, नेलेली असते, म्हणजे ऑइलचा थोडा अंश हवेबरोबर आत जातच राहतो. उष्णतेने हे मिश्रण घट्ट होतं.

जागेप्रमाणे त्याचं रूप बदलतं. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागात, मऊ, चिकट, काळा थर असतो आणि तो फडक्याने निघतो. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर आणि पिस्टनच्या डोक्यावर मात्र तो करपलेल्या कढईच्या बुडासारखा कडक होतो, नुसत्या पुसण्याने सुटत नाही. पिस्टन रिंगांच्या खाचांत अडकला तर रिंगा जाम होतात आणि गाडी ऑइल खाऊ लागते. डिझेलमध्ये ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत आत सोडणारी झडप), इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या) आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) या त्याच्या ठरलेल्या जागा.

थोडा कार्बन प्रत्येक चालत्या इंजिनात असतो. त्याची भीती बाळगायची गरज नाही.

माझी गाडी पिकअप घेत नाही, अ‍ॅव्हरेजही पडलाय. म्हणजे कार्बनच ना?

असेलच असं नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. याच तक्रारी तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे, थकलेल्या इग्निशन कॉइलमुळे (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग), घसरणाऱ्या क्लचमुळे, चिकटलेल्या ब्रेकमुळे, अगदी टायरमध्ये हवा कमी असल्यामुळेही येतात. म्हणून आधी फुकटातल्या गोष्टी बघा.

एअर फिल्टर काढून उजेडात धरा. आपल्याकडची धूळ, त्यात वर्षातले कित्येक महिने कोरडी हवा, यामुळे फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तकात धुळीच्या भागासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. सोलापूरसाठी तीच धरा. टायरची हवा तपासा. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ती मोकळी गडगडते का ते बघा.

चेक इंजिनचा दिवा पेटलेला असेल तर साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र, लावून कोड वाचा. ब्लूटूथचा स्कॅनर मोबाइलला जोडता येतो आणि तो काही शे रुपयांत मिळतो. एकाच सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे तिथे इंधन नीट न पेटणं, दाखवत असेल तर संशय आधी त्या सिलिंडरच्या कॉइलवर आणि प्लगवर घ्या. दोन कॉइलची अदलाबदल करून बघा. मिसफायर कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर दोषी कॉइल आहे, कार्बन नव्हे.

कार्बनकडे बोट दाखवणाऱ्या खुणा वेगळ्या असतात. सिग्नलला थांबल्यावर स्लो स्पीड खालीवर होणं, एसी लावला की इंजिन बंद पडायला येणं, अ‍ॅक्सिलरेटरवर पहिल्यांदा पाय ठेवताना पेडल अडखळल्यासारखं वाटणं, चढावर किंवा जड गाडीत कडकड असा नॉकिंगचा आवाज येणं.

गाडी तर फार चालतच नाही. मग कार्बन कसा बसला?

फार चालत नाही म्हणूनच बसला. जुळे सोलापूरहून नवी पेठ, तिथून सात रस्ता, परत घर, अशी गाडी दिवसाला चार-पाच किलोमीटर फिरते. इंजिन पुरतं तापायच्या आतच चावी बंद होते. थंड इंजिनाला जास्त इंधन दिलं जातं आणि ते नीट जळत नाही. स्पार्क प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळते. छोट्या फेऱ्यांत आणि स्लो स्पीडला उभं राहण्यात ते तापमान गाठलंच जात नाही. बाहेर ४२ अंशांचं ऊन असलं तरी त्याचा इथे उपयोग नाही.

सकाळी गाडी चालू करून दहा मिनिटं उभी ठेवायची सवयही याच कारणासाठी सोडा. चालू करा, अर्धा-एक मिनिट थांबा आणि हळू निघा. चालत्या गाडीचं इंजिन लवकर तापतं.

थ्रॉटल बॉडी घरी कशी साफ करायची?

हे काम घरी करावंच. पेट्रोल गाडीत सगळ्यात जास्त फरक यानेच जाणवतो आणि खर्च एका स्प्रेचा.

थ्रॉटल बॉडी क्लीनर असंच डब्यावर लिहिलेला स्प्रे घ्या. कार्ब्युरेटर क्लीनर बराच जहाल असतो. काही गाड्यांत थ्रॉटलच्या झडपेवर आणि भिंतीवर कारखान्यातूनच काळसर लेप दिलेला असतो आणि जहाल द्रावणाने तो उडतो. त्याशिवाय धागे न सोडणारं मऊ सुती फडकं, जुना मऊ टूथब्रश, स्क्रूड्रायव्हर, १० नंबरचा पाना आणि रबरी हातमोजे लागतील.

इंजिन पूर्ण थंड असू द्या. गाडी उघड्यावर, सावलीत लावा. बंद पार्किंगमध्ये नको, कारण हा स्प्रे पेट घेतो आणि त्याची वाफ डोक्यात जाते. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंत येणारी जाड रबरी नळी क्लॅम्प ढिला करून काढा. काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्या. बारीक व्हॅक्यूम पाइप कुठला कुठे होता हे नंतर आठवत नाही, आणि एक जरी निसटलेला राहिला तरी गाडी आधीपेक्षा वाईट चालते.

आत गोल झडप दिसेल. तिच्या कडेला आणि ती जिथे टेकते त्या भिंतीवर काळं कडं असतं. स्लो स्पीडची हवा तिथूनच जाते, म्हणून तेवढंसं कडंही त्रास देतं. स्प्रे थेट आत न मारता फडक्यावर मारा आणि पुसा. हटत नसेल तिथे ब्रशने हलकेच. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, चाकू अजिबात नको.

झडप उघडण्याबद्दल नीट वाचा. जुन्या, केबलच्या अ‍ॅक्सिलरेटरच्या गाडीत केबलची चाकी हाताने फिरवली की झडप उघडते, तिथे काही बिघडत नाही. अलीकडच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत मात्र झडप मोटरवर चालते. ती बोटाने ढकलू नका. आतल्या प्लास्टिकच्या गिअरला इजा होते. आणि बोट आत असताना कोणालाही चावी फिरवू देऊ नका, कारण मोटरची झडप जोरात मिटते. मोटरवाल्या थ्रॉटलला बंद झडपेच्या कडेने जितकं पुसता येतं तितकं पुसा. मागची बाजू हवी असेल तर पूर्ण बॉडी उतरवावी लागते, ते गॅरेजचं काम.

सगळं परत जोडा आणि इंजिन चालू करा. पहिल्यांदा चालू व्हायला वेळ लागेल, थोडा धूर येईल, स्लो स्पीड चढा किंवा हलता राहील. कार्बनचा थर धरून कॉम्प्युटरने जो हिशोब बसवला होता तो आता बदलतोय. एसी, लाइट बंद ठेवून रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत गाडी तशीच चालू द्या, मग थोडी फिरवा. बहुतेक गाड्या यात जुळवून घेतात. काहींना स्कॅनरने थ्रॉटलचं रीसेट द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशीही स्लो स्पीड बसला नाही तर ते करून घ्या.

हवेचा सेन्सरही त्याच स्प्रेने साफ करू का?

नको. मास एअर फ्लो सेन्सरच्या आत केसासारखी नाजूक तार किंवा पातळ पट्टी असते. त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो. लांबून फवारा, हात किंवा कापूस न लावता पूर्ण वाळू द्या आणि मगच जोडा.

प्लग काढून बघितले तर काय कळतं?

पुष्कळ कळतं, आणि माझ्या मते कुठलीही बाटली विकत घेण्याआधी पेट्रोल गाडीचे प्लग बघितलेच पाहिजेत. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर जळण नीट चाललंय, कार्बनच्या मागे लागू नका. कोरडी काळी भुकटी असेल तर इंधन जास्त जातंय किंवा गाडी फार छोट्या फेऱ्या मारतेय. टोक काळं, ओलं, तेलकट असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. तिथे साफसफाईने काही होणार नाही, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघावे लागतील. चारपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दुखणं त्या एका सिलिंडरचं आहे.

प्लग थंड इंजिनावरच काढा. खोलण्याआधी खड्ड्यातली धूळ फुंकून किंवा पंपाने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. परत बसवताना आधी हाताने फिरवून आटे धरू द्या. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे तिरके गेले की मोठा खर्च. इरिडियमचा प्लग तारेच्या ब्रशने घासू नका, त्याचं टोक फार बारीक असतं. खराब झाला असेल तर बदला.

टाकीत ओतायच्या औषधाने खरंच फरक पडतो का?

गाडी कुठल्या प्रकारची आहे त्यावर आहे. वॅगन-आर, स्विफ्ट, टियागो, ग्रँड आय-१० अशा एमपीएफआय गाड्यांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधी फवारलं जातं, त्यामुळे इंधनातलं डिटर्जंट व्हॉल्व्ह धूत राहतं. इथे पॉलिइथरअमीन, म्हणजे पीईए, असलेलं क्लीनर उपयोगी पडतं. इंजेक्टरची टोकं, व्हॉल्व्ह आणि काही प्रमाणात सिलिंडरच्या आतला थरही ते सोडवतं. डब्यावर हा घटक लिहिलाय का ते बघा. डब्यावर सांगितलेल्या पेट्रोलच्या मापातच घाला, दुप्पट घातल्याने दुप्पट सफाई होत नाही. ऑइल बदलायला थोडे किलोमीटर उरले असतानाच वापरा, कारण सुटलेल्या मळाचा आणि औषधाचा काही भाग ऑइलमध्ये उतरतो.

मारुतीचं बूस्टरजेट, ह्युंदाई-कियाचं टी-जीडीआय, स्कोडा-फोक्सवॅगनचं टीएसआय, महिंद्राच्या एमस्टॅलियनमधलं टीजीडीआय या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्हच्या पाठीला ते शिवतच नाही. मग टाकीत कितीही महागडं औषध ओता, व्हॉल्व्हवरचा थर जागेवरच राहणार. इंजेक्टरपुरता फायदा होईल, तेवढाच.

हायवेवर गाडी पळवली की कार्बन जळतो म्हणतात. खरं का?

बऱ्याच अंशी खरं, आणि शहरात अडकलेल्या गाडीसाठी हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण पळवायची म्हणजे वेग नाही, इंजिनचे फेरे वाढवायचे. गाडी पुरती तापल्यावर मोहोळच्या बाजूला पुणे रस्ता किंवा तुळजापूर रस्ता धरा. एक गिअर खाली ठेवा आणि पेट्रोल गाडी ३००० ते ३५०० आरपीएमवर पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हे वेगमर्यादेच्या आत राहून होतं. निघण्याआधी ऑइल आणि कूलंटची पातळी बघा. एप्रिल-मेमध्ये दुपारी नको, पहाटे जा. तापमानाचा काटा किंवा दिवा वर जाऊ लागला तर ताबडतोब थांबवा.

प्लग, सिलिंडर, ऑक्सिजन सेन्सर यांवरची काजळी याने कमी होते. थ्रॉटल आणि डायरेक्ट इंजेक्शनचे इनटेक व्हॉल्व्ह याने साफ होत नाहीत. तिथे तेवढी उष्णता पोचतच नाही.

व्हिडिओत चालू इंजिनात व्हॅक्यूम पाइपमधून पाणी सोडतात. करून बघू?

नाही. पाणी दाबलं जात नाही. प्रमाण थोडं चुकलं आणि सिलिंडरमध्ये पाणी भरलं तर वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुराच्या पाण्यात गाडी घातल्यावर इंजिन फुटतं ते याच कारणाने. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, म्हणून धोकाही जास्त.

प्लगच्या भोकातून औषध ओतून रात्रभर ठेवलं तर?

रिंगा जाम होऊन ऑइल खाणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीसाठी हा उपाय आहे आणि काही वेळा तो लागूही पडतो. पण पान्याची सवय असलेल्यानेच करावा. सगळे पिस्टन साधारण मधल्या उंचीवर आणून प्रत्येक भोकात डब्यावर सांगितलेलं माप ओततात, रात्रभर ठेवतात. सकाळी उरलेलं द्रावण सिरिंज आणि नळीने ओढून काढतात. मग इंधन आणि इग्निशन बंद करून, प्लग बाहेरच ठेवून, भोकांवर फडकं टाकून सेल मारतात. राहिलेलं सगळं बाहेर उडालं पाहिजे. प्लग लावून मग सेल मारला तर वर पाण्याबद्दल सांगितलं तेच इथे होतं. नंतर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलणं सक्तीचं, कारण द्रावण खाली ऑइलमध्ये उतरलेलं असतं.

साध्या थरथरणाऱ्या गाडीसाठी एवढ्या खोलात जायची गरज नाही.

रॉकेल, कॉस्टिक सोडा, टॉयलेट क्लीनर चालेल का?

कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो, आणि त्या क्रियेत पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. तुमचं थ्रॉटल, हेड, मॅनिफोल्ड बहुधा अ‍ॅल्युमिनियमचंच आहे. टॉयलेट क्लीनरमधलं अ‍ॅसिडही तसंच घातक. ऑइलमध्ये रॉकेल घालून इंजिन चालवायची जुनी पद्धत बेअरिंगवरचा ऑइलचा पडदाच पातळ करते. उतरवलेला सुटा लोखंडी भाग रॉकेलमध्ये भिजवायला हरकत नाही. पुसायला पेट्रोल मात्र कधीच वापरू नका, एका ठिणगीचं काम आहे.

इंजिन वॉश केल्यावर कार्बन जातो का?

नाही. तो बाहेरचा मळ. आतल्या कार्बनचा त्याच्याशी संबंध नाही.

डिझेल गाडीसाठी घरी काय करावं?

डिझेलमध्ये जळालेल्या धुराचा काही भाग ईजीआरमधून परत इनटेकमध्ये सोडतात. त्याने जळण थंड राहतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. पण तोच काजळीचा धूर ऑइलच्या वाफेला भेटतो आणि मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा लगदा साचतो. ईजीआर झडप अर्धवट उघडी अडकली की काळा धूर, मंद पिकअप आणि चेक इंजिनचा दिवा.

घरी सहज होणारं एक काम म्हणजे मॅनिफोल्डवरचा प्रेशर सेन्सर. बऱ्याच गाड्यांत तो एक-दोन स्क्रूंवर बसलेला असतो. त्याच्या तोंडावर साचलेली काजळी सेन्सर क्लीनरने हलकेच धुवा, भोकात काडी घालू नका. ईजीआर व्हॉल्व्ह हाताशी असेल आणि त्याला कूलंटची नळी जोडलेली नसेल तर उतरवून साफ करता येतो. नवं गॅस्केट आधी आणून ठेवा. विजेच्या मोटरचा भाग द्रावणात बुडवू नका. कूलंटची नळी जोडलेली असेल तर गॅरेजलाच द्या.

ईजीआर पत्र्याने बंद करून द्यायला तयार असणारे भेटतात. करून घेऊ नका. प्रदूषण वाढतं, नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर ते लगेच पकडतो, आणि सोसावा लागणारा धूर आपल्याच गल्लीतल्या पोरांना सोसावा लागतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो. त्यात साठलेली काजळी साधारण ५५० ते ६०० अंशांवर जाळली जाते. त्यासाठी गाडी सलग चालावी लागते. दर गुरुवारी अक्कलकोटला जाऊन येणाऱ्या गाडीला डीपीएफचा त्रास क्वचित होतो, नुसती शहरात फिरणारी हमखास अडकते. डीपीएफचा दिवा लागला की माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे लगेच लांबचा फेरा मारा. त्या वेळी सायलेन्सर फार तापतो, म्हणून वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी उभी करू नका. उसाच्या पट्ट्यात हे विशेष लक्षात ठेवा.

सीएनजी गाडीत कार्बन होत नाही ना?

सिलिंडरमध्ये खूप कमी होतो. पण ऑइलची वाफ तिथेही असते, म्हणून थ्रॉटल काळा होतोच. शिवाय पेट्रोलचे इंजेक्टर न वापरता पडून राहतात. अधूनमधून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि टाकीत थोडंच पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देऊ नका.

गॅरेजमध्ये हायड्रोजनने किंवा मशीनने डीकार्ब करा म्हणतात. करू का?

डीकार्ब, म्हणजे कार्बन काढणं, हा शब्द टू-स्ट्रोक स्कूटरच्या काळापासून आपल्या कानावर आहे. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं, सायलेन्सर दर काही महिन्यांनी तुंबायचा, तेव्हा ते नेहमीचं काम होतं. आजच्या गाडीला ते दर सर्व्हिसला लागत नाही. "काय बघून सांगताय?" असं नम्रपणे विचारा. प्लग दाखवा म्हणा, प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टन दाखवा म्हणा. चांगला मिस्त्री आनंदाने दाखवतो.

हायड्रोजनच्या मशीनवर पैसे घालण्याआधी थ्रॉटल, प्लग, फिल्टर आणि ऑइल ही चार कामं झालेली असू द्या. बहुतेकांची तक्रार तिथेच मिटते. डायरेक्ट इंजेक्शनच्या व्हॉल्व्हवर कडक थर बसलाच असेल तर खात्रीचा उपाय अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा मारा. मॅनिफोल्ड उतरवून, व्हॉल्व्ह बंद स्थितीत ठेवून तो करतात. कवच कार्बन फोडण्याइतकं टणक पण धातूला ओरखडा न काढण्याइतकं मऊ असतं. हे काम त्याचं मशीन असलेल्या ठिकाणीच द्या.

वापरलेली फडकी, जुनं ऑइल आणि उरलेला स्प्रे यांचं काय करायचं?

ऑइल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथे ते जुन्या ऑइलच्या पिंपात जमा होतं. स्प्रेची फडकी उघड्यावर पूर्ण वाळवा आणि मगच टाका. उरलेला स्प्रे गाडीच्या डिकीत ठेवू नका. ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये असं डब्यावरच छापलेलं असतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून जास्त तापतं. घरात सावलीच्या कपाटात, गॅस आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवा.